सहा वेढ्यांची झोप

नैरोबीहून परत आल्याला आता दोन महिने होतील. महालातल्या आमच्या घरी रोज कोणी ना कोणी येऊन बसतं आणि पहिला प्रश्न एकच, "सिंह पाहिला का हो?" पाहिला. दोनदा पाहिला, मोटारीतून. तिथली थंडी कशी, तांबडी माती कशी, तिथली माणसं मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा करून कसा खातात, हेही मी न कंटाळता सांगते. पण मला खरं सांगायचं असतं ते जातानाच्या तीन तासांविषयी, आणि तेवढं ऐकेपर्यंत पाहुण्यांचा चहा संपलेला असतो. म्हणून लिहायला बसले आहे. पुढेमागे ज्या कोणी लहान मूल घेऊन विमानात बसणार असतील, त्यांनी तरी वाचावं.

महाल

आमचे यजमान नैरोबीला सर्व्हे खात्यात नकाशे काढण्याच्या नोकरीवर गेले, तेव्हा शैलू पोटात होती. ती चौदा महिन्यांची झाली तरी बापलेकीची भेट नव्हती. बोटीची तिकिटं चार महिने मिळेनात, तेव्हा त्यांनी वैतागून विमानाची काढली. नागपूर ते मुंबई तीन तास, मुंबईत माझ्या भावाकडे दोन दिवस मुक्काम, आणि मग एडनवरून नैरोबी, सबंध एक दिवस.

आमच्या आळीत विमानात बसलेलं एकही माणूस नव्हतं, पण सल्ला द्यायला सगळे तयार. विमानात मूल रडलं तर खाली उतरायची सोय नाही, यावर सर्वांचं एकमत होतं. आणि शैलूचं रडणं सगळ्यांच्या परिचयाचं होतं. मागल्या दिवाळीत वर्ध्याला जाताना ती सबंध रस्ताभर रडली होती. समोरच्या बाकावरच्या वकिलांनी वर्तमानपत्र खाली ठेवून माझ्याकडे असं काही पाहिलं की मला डब्यातून उडी टाकावीशी वाटली. मूल रडतं म्हणजे आईला काही कळत नाही, हे त्या नजरेत स्पष्ट लिहिलेलं होतं. मला माणसांनी अडाणी समजलेलं मुळीच खपत नाही. या एका दुर्गुणापायी पुढचं सगळं घडलं.

मी सीताबर्डीच्या डॉक्टरांकडे गेले आणि शैलूसाठी झोपेचं औषध मागितलं.

"कशाला?" ते म्हणाले. "मूल आहे, थोडं रडेल."

मी हट्टच धरला. शेवटी त्यांनी पुडीत तीन लहान पांढऱ्या गोळ्या दिल्या. "पाव गोळी, पाण्यात विरघळवून. गरज पडली तरच, आणि फक्त लांबच्या प्रवासात. पाव म्हणजे पावच." एवढं बजावून सांगण्यासारखं मी काय केलं होतं, याचाच मला राग आला.

घरी सासूबाई तांदूळ निवडत होत्या. पुडी पाहताच त्यांचे हात थांबले.

"काहून वं? रडन त रडन. पोट्टं नाई रडन त काय विमान रडन?"

"आई, हे डॉक्टरांचं औषध आहे. तुमच्या गुटीपेक्षा मोजूनमापून."

"माही गुटी बी मोजूनच असते. एकेक वेढा मोजते मी. मले इचारशीन त तू काई देऊ नोको."

मी विचारलं नव्हतं, आणि ऐकलंही नाही. गुटी मोजून असते हे मात्र खरं होतं. आमच्याकडे बाळाला रोज सकाळी गुटी देतात. सहाणेवर चार थेंब दूध टाकायचं आणि हिरडा, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ असं एकेक घेऊन त्यावर गोल गोल फिरवायचं. मुरुडशेंगेचे पाच वेढे, जायफळाचे दोन, असं प्रमाण ठरलेलं. ही सगळी कठीण जिन्नसं. दोन वेढ्यांत जायफळाचा नुसता वास उतरतो, आणि एका जायफळावर एका मुलाचं बाळपण निघतं. हात त्याच हिशेबाला सरावलेले असतात.

निघायच्या सकाळी मी एक शहाणपण केलं. लांबच्या प्रवासात एकदम औषध देण्यापेक्षा मुंबईच्या छोट्या प्रवासात तालीम करून पाहावी, असं ठरवलं. अडकित्त्यानं गोळीचे चार भाग करायला गेले, तर तिचा भुगा झाला आणि फुंकर लागून निम्मा उडाला. दुसरी गोळी हातात घेतली. पाव कशी काढायची? बाहेर टॅक्सीवाला भोंगा वाजवत होता, दीर ट्रंका बाहेर नेत होते, सासूबाई देवापाशी होत्या. सहाण नुकतीच धुऊन ठेवलेली समोरच होती. मी तिच्यावर थोडं दूध टाकलं आणि गोळी उगाळली. जायफळाच्या दोन वेढ्यांत नुसता वास उतरतो, मग गोळीचा पाव भाग उतरायला सहा वेढे तरी हवेत, असं माझं गणित. सहा मोजले. दूध बोटानं शैलूला चाटवलं. तिनं गुटीसारखं मिटक्या मारत घेतलं. उरलेली गोळी न पाहताच कागदात गुंडाळून पिशवीत टाकली आणि सासूबाईंच्या पाया पडून टॅक्सीत बसले.

सोनेगाव

सोनेगावचा विमानतळ म्हणजे तेव्हा एक इमारत, एक मोठं मैदान आणि कुंपणापलीकडे चरणारी गुरं. शैलू टॅक्सीतच पेंगायला लागली होती. विमानापर्यंत चालत जाईतो ती माझ्या खांद्यावर गाढ झोपली. औषधाचा गुण किती लवकर आला, याचं मला कौतुक वाटलं.

आमच्या पुढे एका गिरणीच्या साहेबाचं कुटुंब होतं. साहेब, त्याची मेमसाहेब, पाच आणि तीन वर्षांची दोन मुलं, आणि त्यांना सांभाळायला एक आया. आया आपल्याकडचीच, पन्नाशीची, नऊवारी पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. मुलं तिला "गिज्जा" म्हणत होती. तिचं नाव गिरजाबाई हे मला नंतर कळलं. विमानात ती माझ्या मागच्याच खुर्चीवर बसली. मी तिच्याकडे पाहून हसलेसुद्धा नाही, कारण आयेशी ओळख काढून साहेबाच्या नजरेत उतरायची माझी इच्छा नव्हती.

विमानातल्या तरुण मुलीनं कानात घालायला कापूस दिला, चघळायला गोळ्या दिल्या. विमान उठलं. साहेबाची दोन्ही मुलं जी किंचाळायला लागली ती थांबेचनात. धाकट्यानं ओकारी केली. मोठी मुलगी खुर्चीवर उभी राहून पाय आपटत होती. आजूबाजूची माणसं चेहरे वाकडे करू लागली. आणि शैलू? हूं नाही की चूं नाही.

"किती शहाणं बाळ आहे हो तुमचं!" पलीकडच्या खुर्चीवरचे गृहस्थ म्हणाले.

मी मानेनंच कौतुक स्वीकारलं. वर्ध्याच्या गाडीतले वकील इथे असायला हवे होते, असं मनात येऊन गेलं. मग सासूबाईंनी दिलेला डबा उघडून कोथिंबिरीची सांबारवडी खाल्ली, खाली वर्धा नदी दिसते का पाहिलं, काळ्या रानांचे चौकोन पाहिले. आयुष्यात इतका अभिमान मला मॅट्रिक झाले तेव्हाही वाटला नव्हता.

अकोल्याच्या वर

तासभर गेला असेल. मागून एक हात आला आणि शैलूच्या नाकाखाली बोट धरून थांबला. मी दचकून वळले. गिरजाबाई उभी होती.

"बाई, पोट्टी केव्हाची झोपली?"

"टॅक्सीतच झोपली. का?"

तिनं शैलूचा हात उचलला आणि सोडला. हात माझ्या मांडीवर पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला.

"झोपलेलं पोट्टं हात वढून घेते," ती म्हणाली. "हे झोपून नाई राहिली. काय देल्लं हिले?"

"काही नाही."

"अफू देल्ली का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आमच्यात अफू देत नाहीत!" मी इतक्या जोरात म्हणाले की मेमसाहेबानं मान वळवून पाहिलं. खोटं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. पण आया, तीही सगळ्यांदेखत, मला विचारते म्हणजे काय! तेवढ्या क्षणात मला माझ्या मुलीपेक्षा माझी अब्रू जवळची वाटली. हे लिहिताना आजही लाज वाटते.

गिरजाबाई हलली नाही. वाकून हळू आवाजात बोलू लागली.

"मी गिरणीत होती बाई. पोट्टीले मोहरीएवढी अफू चाटवून पाळीवर जाचो आमी. साऱ्याच बाया देत. एक दिवस जास्त झाली. दवाखान्यात डाक्टरनं इचारलं, काय देल्लं? म्या म्हटलं, काई नाई. लाज वाटली मले. त्यो दोन घंटे बुखाराचं औषध करत राहिला."

"मग?"

"मंग काई नाई. माही पोट्टी गेली."

मी पिशवीत हात घातला. कागदाची पुडी उलगडली. गोळीचा पाऊण भाग उरायला हवा होता. उरली होती ती तुरीच्या कणीएवढी कपची. ओलसर, मऊ, बोट लावताच पीठ होणारी. ती गोळी जायफळ नव्हती, खडूसारखी होती. सहा वेढ्यांत जवळजवळ सगळी सहाणेवर उतरली होती आणि मी ती माझ्या हातानं लेकीला चाटवली होती.

कपची तिच्यापुढे धरून मी कसंबसं म्हणाले, "पाव द्यायची होती. मी उगाळून दिली. सहा वेढे."

"अवो माय," एवढंच म्हणून गिरजाबाईनं शैलूला माझ्याकडून ओढूनच घेतलं. खांद्यावर उभं धरलं, मान सरळ केली, तोंडात बोट घालून लाळ काढली. मी पाणी पुढे केलं तर तिनं माझा हात झिडकारला. "तोंडात काई घालू नोका. ठसका लागन." मग तळपायाला कडकडून चिमटा काढला. शैलूच्या कपाळावर किंचित आठी आली आणि गेली.

"हे करत राहा लागते. झोपेत खाली जाऊ देऊ नये."

विमानातल्या मुलीला मी सगळं सांगितलं. ती धावत वैमानिकाकडे गेली. परत येऊन म्हणाली, मुंबईला बिनतारी संदेश दिला आहे, डॉक्टर उभे असतील, पण अजून दीड तास आहे. दीड तास! जमिनीवर असते तर मी अनवाणी धावले असते, कोणाचा तरी दरवाजा ठोठावला असता. इथे खिडकीबाहेर ऊन आणि ढग, आणि करण्यासारखं काही नाही.

मी शैलूची छाती पाहत बसले. श्वास वर येई, खाली जाई, मग थांबे. पुढचा येईपर्यंत मी माझाही घेत नसे. गिरजाबाई दर दोन मिनिटांनी चिमटा काढी. आधी कपाळावर आठी तरी यायची, नंतर नुसते ओठ हलायचे, आणि पुढे पुढे तेही हलेनात. तळपाय लाल झाले होते.

"जोरानं काढा," मीच म्हणाले. माझ्या मुलीला कोणी बोट लावलेलं मला चालत नाही, आणि मी म्हणत होते जोरानं काढा.

पुढून मेमसाहेब ओरडली, "आया!" तिची दोन्ही मुलं ओकत होती.

गिरजाबाईनं वळूनही पाहिलं नाही. "तुमचे पोट्टे रडून राहिले ना मेमसाब," ती म्हणाली, "म्हणजे चांगले हायेत."

मेमसाहेबाला भाषा किती कळली कोण जाणे. ती उठून आली, शैलूकडे पाहिलं, आणि पांढरी पडली. मग आपल्या मुलांकडे स्वतःच गेली. थोड्या वेळानं येऊन तिनं ओला रुमाल माझ्या हातात दिला.

घाटावर विमान हिंदकळू लागलं. पट्टे बांधा म्हणून सांगितलं. गिरजाबाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली, शैलू तिच्या छातीशी. आणि तेव्हा श्वास थांबला. मी मोजलं नाही, पण तो थांबला हे नक्की. मी "शैलू" म्हणून ओरडले. गिरजाबाईनं तिला पालथं धरून पाठीवर थाप मारली, एक, दोन, आणि तिसऱ्या थापेला शैलूनं खोल, घरघरणारा श्वास घेतला. विमानातली मुलगी प्राणवायूची बाटली घेऊन आली आणि तिनं नाकापाशी नळी धरली. पलीकडचे गृहस्थ, ज्यांनी शहाणं बाळ म्हटलं होतं, ते डोळे मिटून बसले होते.

उतरेपर्यंत मी देवाचं नाव घेतलं नाही. मी फक्त म्हणत होते, रड, शैलू, रड गं बाई.

सांताक्रूझ

विमान थांबताच डॉक्टर आत आले. तरुण होते, घाईत होते. माझा भाऊही कसातरी परवानगी काढून शिडीपर्यंत आला होता.

"काय दिलं? किती?"

भावानं माझी अवस्था पाहिली आणि मला वाचवायला म्हणून म्हणाला, "थोडंसं दिलं असेल हो, प्रवासात देतात तसं."

"थोडंसं नाही," मी म्हणाले. "जवळजवळ एक गोळी. पाव सांगितली होती. मी सहाणेवर उगाळून दिली. सकाळी साडेआठला." आणि उरलेली कपची व पुडीतली तिसरी गोळी त्यांच्या हातात ठेवली. डॉक्टरांनी सहाण म्हणजे काय ते विचारलं नाही. गोळी पाहिली आणि शैलूला उचलून धावतच निघाले.

गिरजाबाईला साहेबाच्या मोटारीत बसायचं होतं. ती शिडीपाशी उभी होती, लुगड्याच्या खांद्यावर शैलूची लाळ. मी तिच्या पाया पडायला वाकले, तर तिनं मला दंडाला धरून ढकललं.

"जा वं, पोट्टीकडं जा!"

एवढाच आमचा निरोप. परत आल्यावर मी तिचा शोध केला. गोळीबार चौकाकडे कोष्ट्यांच्या वस्तीत तिचं घर सापडलं, पण साहेबाची कानपूरला बदली झाली आणि ती त्या मुलांबरोबर गेली, असं तिच्या भाचीनं सांगितलं. मी भाचीकडे शैलूचा फोटो ठेवून आले.

शैलू दुसऱ्या दिवशी दुपारी इस्पितळात जागी झाली. पोट धुतलं होतं, रात्रभर परिचारिका उशाशी बसली होती. शैलूनं डोळे उघडले, मला पाहिलं, आणि घसा बसलेल्या आवाजात रडू लागली. परिचारिका तिला उगी करायला पुढे आली, तिला मी थांबवलं.

नैरोबीचं आमचं विमान चुकलं. यजमानांना तार केली. सासूबाईंना पत्रानं सगळं खरं लिहिलं. शेजारच्या मुलीकडून लिहवलेलं त्यांचं उत्तर आलं. त्यात रागाचा शब्द नव्हता. फक्त गोळीचं नाव काय ते कळव, म्हणजे पुन्हा कोणी घरात आणली तर ओळखता येईल, एवढंच होतं.

एडनच्या पुढे

आठवड्यानं पहाटेच्या विमानानं निघालो. चार इंजिनांचं मोठं विमान, गुबगुबीत खुर्च्या, आणि जेवायला काटे-चमचे. माझ्याजवळ औषधाचा कणही नव्हता.

शैलूनं काही बाकी ठेवलं नाही. एडनपर्यंत ती थांबून थांबून रडली, एडनला उन्हाच्या झळा लागल्यावर न थांबता. मी तिला घेऊन मधल्या वाटेनं येरझाऱ्या घातल्या, संत्र्याच्या फोडी दिल्या, बांगड्या वाजवून दाखवल्या. पुढच्या खुर्चीतल्या गोऱ्या साहेबानं दोनदा सुस्कारा सोडला, तिसऱ्यांदा सेविकेला बोलावून घेतलं. थोड्या वेळानं ती हसतमुखानं आली. हातात चमचा, चमच्यात गुलाबी औषध.

"पुष्कळ आया देतात. तासाभरात शांत झोपेल."

आणि मी काय करावं? मी हात पुढे केला. खरंच केला. आठ तास झाले होते, माझे खांदे भरून आले होते, सबंध विमान माझ्याकडे पाहत होतं, आणि ती वर्ध्याच्या गाडीतली जुनी लाज तशीच्या तशी वर आली. चमचा माझ्या बोटांत होता.

"यात काय आहे?" मी विचारलं.

"लहान मुलांचंच आहे."

"पण काय? आणि हे माप कोणी ठरवलं?"

ते तिला ठाऊक नव्हतं. मी चमचा परत दिला. थोडं औषध तिच्या हातमोज्यावर सांडलं, त्याची मी माफी मागितली. गोऱ्या साहेबानं आपली टोपी उचलली आणि तो मागे कुठेतरी जाऊन बसला.

आणखी दीड तास ती रडली. मग हुंदके आले, मग नुसती कुरकुर, आणि खाली तपकिरी माळ दिसू लागला तेव्हा शैलू माझ्या गळ्यात हात टाकून आपल्या आपण झोपली. विमानभर जो सुटकेचा निःश्वास उमटला तो मला ऐकू आला. शेजारची गुजराती बाई कुजबुजली, "हाश! आता तुम्ही पण डोळा लावा."

मी डोळा लावला नाही. मी तिची छाती पाहत होते. श्वास वर आला, खाली गेला. वर आला, खाली गेला. सगळं ठीक होतं, हे मला कळत होतं. मी तिचा हात उचलून सोडला. तो पडला की तिनं ओढून घेतला, मला नक्की सांगता येईना. पुन्हा उचलायचा धीर झाला नाही. मी तिचा मोजा काढला आणि तळपायाला चिमटा काढला.

शैलू ताडकन जागी झाली. तिनं माझ्याकडे रागानं पाहिलं, आणि असा भोंगा पसरला की मागच्या रांगेतला गोरा साहेब उठून उभा राहिला. सबंध विमानानं माना वळवून माझ्याकडे पाहिलं. पाहू द्या, मी म्हटलं, आणि तिला छातीशी धरून नैरोबी येईपर्यंत रडू दिलं.